हिरव्या ठिपक्याचे सोवळे

गेल्या कार्तिकातली गोष्ट. दीपोत्सवाच्या तयारीसाठी आमच्या देवळाच्या कार्यकारी मंडळाची बैठक भरली होती. पणत्या, फुले, भजनी मंडळ हे विषय आटोपल्यावर एका सभासदांनी वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्या अभिमानाने वाचून दाखविली. मॅकडोनाल्ड्स या अमेरिकन हॅम्बर्गर-कंपनीने आपल्या हैदराबादेत, हायटेक सिटीमध्ये, अमेरिकेबाहेरचे आपले सर्वांत मोठे कार्यालय उघडले होते. मार्च २०२५ मध्ये तेलंगण सरकारबरोबर बोलणी पुरी होऊन सुमारे २,००० नोकऱ्यांची घोषणा झाली होती, आणि ऑक्टोबरात कार्यालय सुरूही झाले. मंडळाला आनंद झाला, व तो होणे स्वाभाविक होते. आमच्या समाजातील बरीच मुले संगणकाच्या धंद्यात आहेत. दुसरे एक सभासद म्हणाले, "आणि ही कंपनी आपला धर्म जाणते बरे का! साऱ्या जगाला गोमांस विकते, पण आपल्या देशात त्याचा स्पर्श होऊ देत नाही. आपल्यापुढे तिला नमावे लागले." हे ऐकताच तिसऱ्या सभासदांना स्फूर्ती झाली. दीपोत्सवाला मुलांना दरवर्षी रव्याचा लाडू आणि चिवडा देतो, तो मुले निम्मा टाकून देतात; यंदा त्या कंपनीचे शाकाहारी डबे आणावेत, त्यावर हिरवा ठिपका असतोच, अशी सूचना त्यांनी मांडली.

मी विरोध केला आणि हरलो. हा लेख काही अंशी त्या पराभवातून निघाला आहे, हे वाचकांनी आधीच जाणून असावे.

माझ्या विरोधाचे कारण मात्र बहुतेकांनी चुकीचे ओळखले. परदेशी पदार्थ देवळाच्या आवारात शिरला म्हणून देव बाटेल, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा आणि वस्तूही त्यांनीच आणलेली. मिरची त्यांच्याच गलबतांतून आली. ही दोन्ही आमच्या उपवासाच्या ताटात सुखाने नांदत आहेत, आणि एकादशीला बटाट्याची भाजी खाताना आम्हांला वास्को द गामाची आठवण होत नाही. पावाची कथा गोमंतकातून आलेल्या घराण्यांना मी सांगायला नको. परकेपणा हा जर दोष असेल, तर तो काळाने धुतला जातो. माझा आक्षेप त्या एका वाक्याला होता: "आपल्यापुढे तिला नमावे लागले." हे वाक्य आमच्या समाजात, मला वाटते साऱ्या हिंदू समाजातच, गेली तीस वर्षे विजयाच्या सुरात उच्चारले जात आहे. ते खोटे आहे, आणि खोटे असून गोड आहे, म्हणून अधिक घातक आहे.

ही कंपनी काय वस्तू आहे ते प्रथम पाहावे. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो या गावी मॉरिस आणि रिचर्ड मॅकडोनाल्ड या भावांनी १९४० साली एक खाणावळ काढली. ती चांगली चालली असताना १९४८ साली त्यांनी ती काही महिने बंद ठेवली आणि नव्या रूपात उघडली. पूर्वी पंचवीसएक पदार्थ होते, ते नऊवर आणले. वाढपी काढून टाकले, काचेची भांडी व काटे-चमचे काढून टाकले, कागदी वेष्टने आणली. स्वयंपाकघरात एकाने फक्त मांसाची टिक्की भाजायची, दुसऱ्याने फक्त पाव सजवायचा, तिसऱ्याने फक्त दूध घुसळायचे, अशी कारखान्यासारखी कामाची वाटणी केली. हॅम्बर्गरची किंमत १५ सेंट ठेवली. दूध घुसळण्याची यंत्रे विकणारा रे क्रॉक नावाचा फिरता विक्रेता १९५४ साली तिथे आला आणि चकित होऊन उभा राहिला. १५ एप्रिल १९५५ रोजी त्याने इलिनॉय राज्यात डे प्लेन्स येथे आपले दुकान उघडले, आणि १९६१ साली २७ लाख डॉलर देऊन त्या दोघा भावांकडून नावासकट सारा धंदा विकत घेतला. पुढे कंपनीने आणखी एक युक्ती साधली: दुकान चालवणाऱ्याची जागा आपण विकत वा भाड्याने घ्यायची आणि त्याच्याकडून भाडे वसूल करायचे. वकिलाच्या दृष्टीने कंपनीचा खरा पाया हा जमिनीचा भाडेपट्टा आहे. पावाचा तुकडा त्याच्यावर ठेवलेला आहे. आज शंभराहून अधिक देशांत तिची ४३,००० हून अधिक विक्रीकेंद्रे आहेत.

त्या भावांच्या शोधाचे मर्म पदार्थात नव्हते. त्यांनी आचाऱ्याची गरज संपवली. हाताला चव असलेला, मूड गेला की मीठ चुकवणारा, पण आपण काय शिजवले हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस त्यांनी स्वयंपाकघरातून हद्दपार केला. त्या क्षणापासून अन्नाबद्दल उत्तर देणारा कोणी उरला नाही; उरले ते वेष्टनावरचे अक्षर. पुढचे सारे या एका गोष्टीतून निघते.

हिंदुस्थानात ही कंपनी ऑक्टोबर १९९६ मध्ये आली. दिल्लीत वसंत विहारला आणि मुंबईत वांद्र्याला. येण्यापूर्वी काही वर्षे तिने जी तयारी केली ती पाहून मला खरोखरच आदर वाटतो. पुण्याजवळ तळेगावला सॅलडाची पाने पिकवली, बारामतीच्या दुग्धालयातून चीज घेतले, तळोज्याला टिक्क्यांचा कारखाना उभा राहिला. म्हणजे ज्याला आम्ही अमेरिकेचे खाणे म्हणतो ते बरेचसे आमच्याच मावळात आणि पुणे जिल्ह्यात तयार होत होते. पश्चिम व दक्षिण भागाची भागीदारी मुंबईच्या अमित जटिया यांच्याकडे आली. ते स्वतः शाकाहारी घराण्यातले. गोमांस आणि डुकराचे मांस वगळले. जगप्रसिद्ध 'बिग मॅक'च्या जागी 'महाराजा मॅक' आला. शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकघराचा वेगळा भाग, वेगळी भांडी, वेगळी माणसे ठेवली; अंड्याविना मेयोनेज केले; बटाट्याच्या टिक्कीला पावात बसवले. २०१२ साली तर अमृतसरच्या सुवर्णमंदिराजवळ आणि वैष्णोदेवीच्या पायथ्याशी कटरा येथे पूर्ण शाकाहारी विक्रीकेंद्रे काढण्याची घोषणा झाली. यात्रेकरूंची संख्या मोजून केलेली ती घोषणा होती.

शिंपी माप घेण्यासाठी आपल्यापुढे वाकतो, तेव्हा तो आपल्याला नमस्कार करीत आहे असे कोणी समजत नाही. कंपनीने आमचे माप घेतले. हिंदूला गाय नको, मुसलमानाला डुक्कर नको, जैनाला अंडे नको, ही तिच्या वहीतली कापडाची मापे होती. अशी मापे घेणे हा गुन्हा मुळीच नाही. धंद्याचा तो धर्मच आहे. चूक आमची, की आम्ही मापाला श्रद्धा समजलो आणि पुढचा प्रश्न विचारायचे सोडून दिले.

प्रश्न सोडून दिला की काय होते, याचा दाखला त्याच कंपनीच्या मायदेशी घडला. तिकडे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, ज्यांना फ्रेंच फ्राईज म्हणतात, त्या पूर्वी बहुतांशी गोवंशाच्या चरबीत तळत. १९९० साली कंपनीने जाहीर केले, की आता आम्ही शंभर टक्के वनस्पती-तेल वापरू. अमेरिकेतील हिंदू, जैन व इतर शाकाहारी कुटुंबांनी निःश्वास टाकला. मुलांना घेऊन जायला एक निर्धोक जागा मिळाली. दहा-अकरा वर्षे लोक त्या फोडी खात राहिले. २००१ साली उघड झाले, की त्या फोडी दुकानात येण्यापूर्वीच कारखान्यात त्यांना गोमांसाच्या अर्काचा स्वाद दिला जात होता. घटकांच्या यादीत त्याचे नाव होते 'नॅचरल फ्लेवर', म्हणजे नैसर्गिक स्वाद. तेल वनस्पतीचेच होते, त्यामुळे घोषणेतले अक्षर न् अक्षर खरे होते. स्वादही निसर्गातूनच आलेला. गाय काही कृत्रिम नसते. दोन्ही वाक्ये खरी, आणि दोन्हींच्या मध्ये एक समाज फसला. सत्य बोलून असत्य कसे साधावे याचे इतके नमुनेदार उदाहरण मला वीस वर्षांच्या वकिलीत क्वचितच भेटले आहे.

१ मे २००१ रोजी सिएटल येथील वकील हरीश भारती यांनी खटला दाखल केला. पुढच्या वर्षी तडजोड झाली. कंपनीने जाहीर माफी मागितली आणि १ कोटी डॉलर देऊ केले. त्यांतील ६० टक्के शाकाहारी संस्थांना, २० टक्के हिंदू व शीख संस्थांना, उरलेले बालपोषणाच्या व ज्यू आहारनियमांच्या कार्याला. मूळ वादींना प्रत्येकी ४,००० डॉलर मिळाले. तडजोडीवर बरीच टीका झाली, वाटणीवरूनही भांडणे झाली. पण एक गोष्ट साधली, ती म्हणजे एका बलाढ्य कंपनीला 'नैसर्गिक स्वाद' या दोन शब्दांचा अर्थ न्यायालयासमोर सांगावा लागला.

इकडे काय झाले? त्याच मे महिन्यात ठाण्यात जमावाने कंपनीच्या विक्रीकेंद्राची नासधूस केली, आणि शेण फासण्याचे प्रकार घडले. इथल्या फोडींत असा अर्क नाही, असे कंपनीने लगेच जाहीर केले. माझी तक्रार कंपनीच्या त्या उत्तराबद्दल नाही. आमच्या प्रश्नाबद्दल आहे. गाईच्या नावाने काचा फोडणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथल्या व्यवस्थापकाकडे घटकांची लेखी यादी मागितली? सिएटलला एका वकिलाने कागद लिहिला आणि माफी मिळवली. ठाण्याला जमावाने काचा फोडल्या आणि दुसऱ्या दिवशी काचवाल्याला काम मिळाले. संतापाचा एक मोठा दोष असा, की तो आला आणि गेला की माणसाला आपण कर्तव्य केले असे वाटते.

आता त्या हिरव्या ठिपक्याविषयी. वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर मांसाहारासाठी तपकिरी व शाकाहारासाठी हिरवी खूण सक्तीची झाली ती २००१ सालीच, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन. खूण चांगली आहे; निरक्षर आजीबाईंनाही ती वाचता येते. परंतु तिचा कायदेशीर अर्थ मर्यादित आहे. दूध, मध आणि दुधाचे पदार्थ वगळता प्राण्यांपासून आलेले काही यात नाही, एवढेच ती सांगते. तूप कसले, तेल कितीदा तापवलेले, चीज म्हणून घातलेले चीज आहे की चीजसारखे काही, यांवर ठिपका मौन पाळतो. आणि तो ठिपका कंपनीने स्वतःच्या सांगण्यावरून छापलेला असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२१ रोजी राम गौ रक्षा दलाच्या याचिकेत नेमके हेच दुखणे ओळखले. घटकांची नुसती सांकेतिक नावे आणि क्रमांक देऊन भागणार नाही, तो घटक वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून, हे सांगितले पाहिजे. आपण काय खात आहोत हे जाणणे हा नागरिकाचा हक्क जीवित आणि धर्मस्वातंत्र्य या मूलभूत हक्कांशी जोडलेला आहे, असा त्या आदेशाचा आशय आहे. त्या दलाच्या नावावरून कोणी नाक मुरडो वा टाळ्या वाजवो. त्यांनी काचा फोडल्या नाहीत, याचिका केली.

चीजचा उल्लेख मी उगीच केला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील याच कंपनीच्या एका विक्रीकेंद्राचा परवाना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने स्थगित केला. काही पदार्थांत चीजऐवजी त्याच्यासारखा पर्यायी पदार्थ असून ते गिऱ्हाइकाला नीट सांगितलेले नाही, असा प्रशासनाचा आक्षेप होता. आम्ही खरेच चीज वापरतो, असे कंपनीने ठासून सांगितले, आणि पुढे केंद्रीय प्राधिकरणानेही ते मान्य केल्याचे जाहीर केले. मधल्या काळात मात्र अनेक पदार्थांच्या नावांतून 'चीज' हा शब्द गळून पडला होता. त्या वादाचा निवाडा मी करीत नाही. मला त्यात आवडले ते एवढेच, की जिल्ह्याच्या गावी बसलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याने जगातल्या सर्वांत मोठ्या हॅम्बर्गर-कंपनीला तिच्या एका शब्दाचा जाब विचारला. त्या सर्व पदार्थांवर हिरवा ठिपका असता तरी या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नसते.

हे सारे मी त्या बैठकीत एवढ्या विस्ताराने नाही, पण बऱ्याच आवेशाने सांगितले. आवेशाच्या भरात म्हणालो, की प्रसाद ही वस्तू वेगळी आहे. तिथे शिजवणारा दिसतो, शिजवलेले आधी देवापुढे ठेवले जाते, मग आपण पानावर बसतो. तिथे वेष्टनावरचे अक्षर वाचावे लागत नाही.

मंडळावर यंदा एक तरुण मुलगी निवडून आली आहे. ती इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "वकीलकाका, मी त्या कंपनीच्या दुकानात वाढले म्हणा ना. तिथे एक गोष्ट मला आवडते. कोण कुठला हे कोणी विचारत नाही, रांगेत उभे राहायचे आणि घ्यायचे. आपल्या संतर्पणात माझ्या मैत्रिणीला एकदा दुसऱ्या पंगतीला बसा म्हणून सांगितले होते, ते तुम्हांला आठवत असेल." मला आठवत होते. मग ती म्हणाली, "आणि शिजवणारा दिसतो म्हणता, पण गेली तीन वर्षे संतर्पणाचा स्वयंपाक बाहेरून येतो. तुपाचे बिल तुम्ही पाहिले आहे का?"

पंगतीच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही लाजेखेरीज काही नाही. ज्या गल्ल्यावर गोत्र विचारत नाहीत त्या गल्ल्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगतो, याचा विचार देवळादेवळांतून झाला पाहिजे. तुपाच्या प्रश्नाला मात्र उत्तर शोधता येण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी मी सचिवांकडून दप्तर मागवले. तीन वर्षांची बिले निघाली. त्यांवर "तूप, डबे ४", "तूप, डबे ६" एवढाच मजकूर. कोणत्या दुग्धालयाचे, गाईचे की म्हशीचे, याचा उल्लेख नाही. १ जानेवारी २०२२ पासून अन्न विकणाऱ्याने आपल्या बिलावर अन्न सुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. तो एकाही बिलावर नव्हता. संतर्पणाचा मक्ता घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत दप्तरात नव्हती. आणि या तिन्ही वर्षांच्या हिशेबांवर, कायदा-सल्लागार म्हणून, माझी सही आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिरुपतीच्या लाडवाच्या तुपाविषयी आरोप झाले तेव्हा याच मंडळींत किती हळहळ झाली होती! ४ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र तपास पथक नेमले. त्यात केंद्रीय अन्वेषण विभागाचे, राज्य पोलिसांचे आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचेही अधिकारी घेतले. अपराध कोणाचा व कितपत, हे ठरविणे त्या त्या न्यायालयाचे काम आहे. पण तिरुपतीला निदान निविदा होत्या, नमुने होते, प्रयोगशाळेचा अहवाल होता, म्हणून वाद तरी होऊ शकला. आमच्या दप्तरात वादाला लागणारा कागददेखील नाही.

यावर एका वडीलधाऱ्या विश्वस्तांनी मला खाजगीत सुनावले, की देवाच्या नैवेद्याला सरकारी क्रमांक लावणे हा देवाचा अपमान आहे, श्रद्धेच्या ठिकाणी बिले तपासू नयेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे, तरी हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. अन्न सुरक्षा कायदा, २००६ मधील अन्नव्यवसायाच्या व्याख्येत नफ्यासाठी चाललेला आणि नफ्याविना चाललेला, दोन्ही येतात. धार्मिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांना नोंदणी आहे आणि मक्तेदाराची तर त्यातूनही सुटका नाही. पण कायद्याची ही कलमे बाजूला ठेवू. आपल्या परंपरेने आणि आपल्या न्यायालयांनी देवाला व्यक्ती मानले आहे. १९२५ सालच्या प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने ते निःसंदिग्ध सांगितले: मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, तिला स्वतःचे हित आहे, आणि ते तिच्या वतीने कोणा माणसाला सांभाळावे लागते. सज्ञान माणसाला वाईट तूप विकले तर तो निदान भांडू शकतो. ज्याचे सारे व्यवहार दुसऱ्याच्या हातून होतात, त्याच्या पानात काय पडते याची जोखीम पालकावर आहे. बिल न पाहता देवाच्या पैशातून तूप घेणारा विश्वस्त श्रद्धाळू ठरत नाही. तो अज्ञानाचा पालक असून हिशेब न ठेवणारा ठरतो. हिशेब देवाला मागायचा नाही, तो आम्हांला द्यायचा आहे.

मॅकडोनाल्ड्सच्या हायटेक सिटीतल्या कार्यालयात आमची जी मुले जातील, त्यांना माझे आशीर्वाद आहेत. तिथे पाव भाजला जाणार नाही. आकडे, नोंदी, पुरवठ्याच्या याद्या यांचे काम चालेल. कोणती वस्तू कुठून आली, कोणत्या तारखेला आली, कोणी तपासली, याची नोंद कशी ठेवतात ते त्या मुलांनी नीट शिकून घ्यावे, आणि रविवारी देवळात आल्यावर आमच्या सचिवांना शिकवावे, ही माझी त्यांना मनापासून विनंती आहे.

दीपोत्सवाला डबे आले. मुलांनी ते आनंदाने खाल्ले. त्यांतील दोघांनी माझ्याजवळ येऊन रव्याचा लाडू का नाही म्हणून विचारले, हे मी अप्रामाणिक ठरू नये म्हणून लिहितो, युक्तिवाद म्हणून नव्हे. मंडळाच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन विषय माझ्या नावावर आहेत. पहिला, गेल्या तीन वर्षांच्या तुपाच्या खरेदीची चौकशी, तीत माझी सही कशी झाली यासह. दुसरा, संतर्पणात एकच पंगत. दुसऱ्याला अनुमोदन त्या मुलीचे आहे. पहिल्याला हे लिहीपर्यंत कोणी मिळालेले नाही.